रुजू दिनांक : एका ‘अतिरिक्त’ लिपिकाचं प्रकरण

“भाऊसाहेब, सचिवसाहेबांनी एक कागद पुढं ठेवलाय. सही करू का?”

फेब्रुवारीतली दुपार होती. फोन करणारी बाई तालुक्याच्या गावातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत कनिष्ठ लिपिक आहे. तिचे वडील त्याच शाळेत शिपाई होते. ते सेवेत असतानाच गेले आणि ती अनुकंपावर लागली. मी शेजारच्या एका संस्थेच्या शाळेतून मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झालो. पगारबिलं घेऊन वेतन पथकाच्या ऑफिसात जायचे दिवस होते, तेव्हा तिचे वडील आणि मी एकाच बाकड्यावर बसून डबा खाल्लेला आहे. म्हणून तिनं मला फोन केला.

मी तिला कागद वाचून दाखवायला सांगितला. तिनं हळू आवाजात वाचला : “मी संचमान्यतेनुसार अतिरिक्त ठरत असल्याचे मला मान्य आहे. माझे समायोजन शासन जेथे करील तेथे मी हजर होईन. याबाबत संस्थेविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही व राहणार नाही.” खाली तिचं नाव टाइप केलेलं, तारखेची जागा मोकळी. संचमान्यता म्हणजे शाळेला किती पदं मंजूर हे ठरवणारा सरकारी कागद, आणि समायोजन म्हणजे दुसऱ्या शाळेत सामावून घेणं.

“घरी दाखवून उद्या देते म्हणा आणि निघा,” मी म्हटलं. ती निघाली. पुढं सहा-सात महिने जे चाललं, त्यात या एका सहीएवढं महत्त्वाचं दुसरं काही नव्हतं. नाव-गाव न सांगता हे प्रकरण मी तिच्या आणि तिच्या सहकाऱ्याच्या परवानगीनं लिहितो आहे. दर वर्षी संचमान्यता लॉगिनला पडली की असे कागद टाइप होतात, आणि समोरचा माणूस घाबरून सही करून मोकळा होतो.

पद कसं गेलं

शिक्षकेतर माणसाला ‘अतिरिक्त’ हा शब्द शिवीसारखा लागतो. आपलं काम कुणाला नको झालं, असं त्याला वाटतं. तसं काही नसतं. शाळेत ३० सप्टेंबरला पटावर किती मुलं आहेत त्यावरून पदं ठरतात. शिक्षकांच्या पदांचे निकष वेगळे. लिपिक, ग्रंथपाल, प्रयोगशाळा सहायक यांच्यासाठी २८ जानेवारी २०१९च्या शासन निर्णयाचा आकृतिबंध, म्हणजे किती मुलांमागं किती पदं याचा हिशोब, आहे. मुलं घटली की कागदावरचं एक पद कमी होतं, आणि त्या पदावर बसलेला माणूस अतिरिक्त ठरतो. कामाचा बोजा मात्र कमी होत नाही. मुलं तीनशे असोत की पाचशे, शिष्यवृत्तीचे अर्ज, बोर्डाचे फॉर्म, शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीतली पगारबिलं, दाखले, ऑनलाइन माहिती ही सगळी कामं तीच असतात.

या शाळेत दोन कनिष्ठ लिपिक होते आणि पट दुसऱ्या पदाच्या अगदी काठावर होता. गावाबाहेर इंग्रजी माध्यमाची शाळा निघाली, तिची पिवळी बस वाड्यावस्त्यांवर फिरू लागली, दोन-तीन वर्षांत पाचवीची एक तुकडी संपली. तरीही पद वाचलं असतं. ते गेलं आधारमुळं. संचमान्यतेला आता फक्त आधार वैध ठरलेली मुलं धरतात, आणि या शाळेतली २९ मुलं रोज वर्गात बसत असूनही पोर्टलवर ‘मिसमॅच’ दाखवत होती.

ही नावं जुळवायचं काम करत होती तीच बाई. तिनं मला ती यादी नंतर दाखवली, रेघा मारलेल्या फुलस्केपवर, लाल आणि निळ्या पेनानं केलेली. एका मुलीचं स्पेलिंग जनरल रजिस्टरप्रमाणं वेगळं आणि आधारवर ‘ए’ एक जास्त. एका मुलाच्या आधारवर जन्मतारखेच्या जागी नुसतं साल. एका मुलाचं लिंग ‘स्त्री’ पडलेलं. ऊसतोडीला गेलेल्या दोन घरांतल्या मुलांचं आधार गावी पेटीत. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्यांचे बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे राहिलेले. पालकांना फोन करून, तालुक्याच्या पोस्टातल्या आधार केंद्रावर नंबर लावून तिनं सप्टेंबरभर ही नावं जुळवली. शाळेचं नेट चालत नव्हतं म्हणून स्वतःच्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर रात्री नऊपर्यंत बसली. २९ पैकी ११ नावं मुदतीत बसली. बाकीच्यांतली बरीचशी ऑक्टोबर-नोव्हेंबरात बसली, पण तोवर गणती होऊन गेली होती.

ज्या आकड्यानं स्वतःचं पद जाणार, तो आकडा तिनंच भरला, आणि खोटं एक नाव घातलं नाही. तिच्या सेवापुस्तकात याची नोंद कुठंच होणार नाही, म्हणून ती इथं करून ठेवतो.

शाळेनं संचमान्यता दुरुस्तीचा प्रस्ताव पाठवला. तो परत आला. पद वाचवायचा तो रस्ता तिथं संपला.

दोघांत कोण?

पद एक गेलं, माणसं दोन. दुसरा लिपिक तिच्याहून वयानं लहान. मूळ नेमणूक संस्थेच्या दुसऱ्या शाळेतली, २०१८ला बदलून इथं आलेला. कामाला चोख, मुलांशी गोड. त्याच्याविरुद्ध कुणाचा एक शब्द नव्हता, तिचाही नाही.

मुख्याध्यापकांनी तिला सांगितलं होतं, “सेवाज्येष्ठता यादीत तुम्ही खाली आहात, त्यामुळं तुम्हीच.” तिला ते खरं वाटलं. यादी तिनं कधी नीट पाहिलेलीच नव्हती. दर वर्षी एप्रिलमध्ये यादी यायची, सगळे रांगेनं सह्या करायचे, तीही करायची. मीही नोकरीत असताना मागच्या वर्षीची यादी काढून, साल बदलून, सह्या घेतलेल्या आहेत. त्या वेळी त्यात चूक वाटली नाही. आज वाटते.

मी तिला घरात असतील ते सगळे कागद घेऊन यायला सांगितलं. ती रविवारी आली. पिशवीत वडिलांच्या मृत्यूचा दाखला, अनुकंपाचा अर्ज, टायपिंगची प्रमाणपत्रं, नेमणूक आदेशाची झेरॉक्स आणि शिक्षणाधिकाऱ्यांचं वैयक्तिक मान्यतेचं, म्हणजे तिच्या नेमणुकीला मंजुरी देणारं, पत्र. सेवापुस्तकाची दुय्यम प्रत नव्हती. ती आपल्याकडं असायला हवी हेच तिला माहीत नव्हतं. सोळा वर्षं ऑफिसात काढून सगळ्या शाळेची सेवापुस्तकं लिहिणाऱ्या बाईकडं स्वतःच्या सेवापुस्तकाची प्रत नाही. असं मी अनेक लिपिकांचं पाहिलं आहे.

मान्यतेचं पत्र मी चष्मा पुसून दोनदा वाचलं. पत्राची तारीख १६ जानेवारी २०१२. मजकुरात मात्र स्पष्ट लिहिलेलं : “रुजू दिनांक १ ऑगस्ट २००९ पासून मान्यता देण्यात येत आहे.” अनुकंपाची फाईल तेव्हा अडीच वर्षं टेबलांवरून फिरत राहिली होती. तिच्या सहकाऱ्याची नेमणूक जून २०११ची आणि मान्यता त्याच वर्षी ऑक्टोबरात मिळालेली.

दुसऱ्या दिवशी तिनं शाळेतून यादीचा मोबाइलवर फोटो काढून पाठवला. माझी शंका खरी निघाली. ‘नेमणुकीचा दिनांक’ या रकान्यात तिच्या नावापुढं १६/०१/२०१२ होतं. कुणीतरी कधीतरी रुजू तारखेच्या जागी मान्यतापत्राची तारीख उतरवली आणि पुढं प्रत्येक वर्षी तीच उतरत गेली. कुणी मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. पण एका रकान्यातल्या या चुकीनं जवळजवळ दोन वर्षांनी ज्येष्ठ असलेली बाई कनिष्ठ झाली होती.

नियम काय म्हणतो

इथं थोडं सावकाश जायला हवं. खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांसाठी १९७७चा अधिनियम आणि १९८१ची नियमावली आहे. आमच्या भाषेत एमईपीएस. या नियमावलीतला नियम २६ पद कमी झाल्यामुळं होणाऱ्या कपातीचा आहे. प्रत्येक शिक्षकेतर कर्मचाऱ्यानं तो एकदा तरी वाचावा.

कायम कर्मचाऱ्याला कमी करायचं तर तीन महिन्यांची नोटीस लागते. तुकड्या कमी होणं, मुलं घटणं, अभ्यासक्रम बदलणं अशी कारणं नियमात दिलेली आहेत. सर्वसाधारणपणे सेवाज्येष्ठता पाळायची, म्हणजे कनिष्ठ आधी जातो. ज्येष्ठाला काढून कनिष्ठाला ठेवायचं असेल तर तशी खास कारणं लिहून द्यावी लागतात. माध्यमिक शाळेच्या बाबतीत शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी प्रत्येक प्रकरणात हवी. आणि सगळ्यांत मोठी गोष्ट : अनुदानित शाळेतल्या अशा कर्मचाऱ्याला दुसऱ्या शाळेत सामावून घेतल्याचा आदेश रजिस्टर पोच पोस्टानं येईपर्यंत संस्थेला त्याला कमी करता येत नाही. तोवर तो मूळ शाळेच्या मस्टरवर सही करतो आणि त्याचा पगार मूळ शाळेतून निघतो.

समायोजनानं दिलेली जागा नाकारली तर मात्र हक्क जातो, आणि नोटिशीची मुदत संपली की संस्था कमी करू शकते. “लांब आहे, मी जात नाही” असं रागाच्या भरात लिहून देणाऱ्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं. तेच पद पुन्हा निर्माण झालं तर पहिली संधी कमी केलेल्या कर्मचाऱ्याला द्यायची, हेही नियमात आहे.

ज्येष्ठता यादीवरच्या सहीचं तर मला फार वाईट वाटतं. नियम १२ प्रमाणं ती सही यादीची प्रत मिळाल्याची असते, यादी कबूल असल्याची नसते. हरकत घेता येते, संस्थेनं तिचा विचार करायचा असतो आणि वाद उरला तर शिक्षणाधिकारी निर्णय देतात. “तुम्ही इतकी वर्षं सही केली, आता बोलायचं नाही” हे तिला चार वेळा ऐकवलं गेलं. ते बरोबर नव्हतं.

सेवा संपवल्याचा आदेश हातात पडलाच असता तर कलम ९ खाली शाळा न्यायाधिकरणाकडं ३० दिवसांत अपील करायची तयारी ठेवली होती. तशी वेळ आली नाही, पण तारीख मी कॅलेंडरवर लिहून ठेवायला सांगितली होती.

हे संरक्षण अनुदानित शाळेतल्या, मान्यताप्राप्त पदावरच्या माणसाला आहे. त्याच शाळेत पाचवी ते आठवीला पोषण आहार शिजवणाऱ्या तीन मावश्या आहेत. मुलं २५पर्यंत एक, शंभरपर्यंत दोन, पुढं प्रत्येक शंभराला एक, असा तिथला हिशोब. पट खाली आला तेव्हा तिसऱ्या मावशीलाही सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून यायचं नाही. नोटीस नाही, यादी नाही, समायोजन नाही. शिपायांच्या बाबतीत ११ डिसेंबर २०२०च्या निर्णयानं पुढची भरतीच संपवली. असलेले मामा निवृत्त होईपर्यंत राहतील, नंतर त्या पदाऐवजी शाळेला भत्ता मिळेल, ग्रामीण भागात दरमहा ५ हजार रुपये. जिथं तिच्या वडिलांनी घंटा वाजवली, तिथं पुढं मस्टरवर नाव असलेला शिपाई असणार नाही.

अर्ज आणि आवक क्रमांक

हरकतीचा अर्ज आम्ही एका पानात बसवला. दुखणं, अन्याय, वडिलांची सेवा यांतलं काही त्यात घातलं नाही. तिला ते घालायचं होतं, आणि तिच्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. पण वाचणाऱ्याच्या टेबलावर त्या दिवशी अशा चाळीस फायली असतात. म्हणून चारच गोष्टी : रुजू दिनांक, मान्यतापत्राचा जावक क्रमांक आणि त्यातलं ते वाक्य, यादीतली चुकीची तारीख, आणि नियम १२ व २६ प्रमाणं दुरुस्तीची मागणी. सोबत तीन जोडपत्रं, प्रत्येकावर स्वतःची साक्षांकित सही.

मुख्याध्यापकांनी अर्ज घेतला नाही. “संस्थेला विचारतो” म्हणाले. मग तो मुख्याध्यापक, संस्थेचे सचिव आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (माध्यमिक) अशा तिघांना रजिस्टर पोच पोस्टानं गेला. पोचपावतीची हिरवट कार्डं परत आली तेव्हा तिनं ती देवघरात ठेवली. मी त्यांची फाईल करायला लावली.

त्याच दिवशी दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावून माहितीच्या अधिकारात दोन कागद मागितले : शाळेची संचमान्यता आणि मागच्या पाच वर्षांच्या ज्येष्ठता याद्या. सत्ताविसाव्या दिवशी मिळाल्या. पाचही याद्यांत तीच तारीख, आणि एका यादीवर तर तिची सहीच नव्हती. त्या वर्षी ती बाळंतपणाच्या रजेवर होती.

या काळात शाळेतलं वातावरण कठीण झालं. चहा एकत्र व्हायचा तो बंद झाला. सहकारी तिच्याशी कामापुरतं बोलायचा. एके दिवशी तो माझ्या घरी आला. दारात उभा राहून म्हणाला, “भाऊसाहेब, ताईंचं बरोबर असेल. पण मग माझं काय? मी कुणाची तारीख चुकवली?” मी त्याला आत बसवलं. त्याला सांगण्यासारखं गोड काही नव्हतं. तुझं काही चुकलं नाही, पण यादी दुरुस्त झाली तर जाणार तूच, हे मी त्याला तोंडावर सांगितलं. मग त्याचेही कागद मागून घेतले. त्याच्याकडंही सेवापुस्तकाची प्रत नव्हती. दोघांनीही १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांमधले म्हणून अंशदायी पेन्शनचे हप्ते भरलेले. त्याच्या खात्यात दोन वर्षांच्या कपातीची नोंदच दिसत नव्हती. तो दुसऱ्या शाळेत जायच्या आधी ही नोंद निस्तरायला हवी होती. आम्ही ते काम त्याच आठवड्यात सुरू केलं.

सुनावणी आणि नंतर

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात शिक्षणाधिकाऱ्यांच्या दालनात सुनावणी लागली. एकूण अकरा मिनिटं. सचिव म्हणाले, यादीवर सह्या आहेत. अधिकाऱ्यांनी मान्यतापत्र मागितलं, ते एक वाक्य वाचलं आणि विचारलं, “सेवापुस्तकात पहिली वेतननोंद कधीची?” मूळ सेवापुस्तक टेबलावर उघडलं. पहिल्या पानावर निळ्या शाईत, बहुधा तेव्हाच्या हेडक्लार्कच्या हस्ताक्षरात : १ ऑगस्ट २००९, मध्यान्हपूर्व. त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

मेमध्ये आदेश आला. यादी दुरुस्त करावी, त्यानुसार कनिष्ठ कर्मचाऱ्याचा अतिरिक्त म्हणून प्रस्ताव पाठवावा. ती माझ्याकडं पेढे घेऊन आली नाही, आणि मी ते अपेक्षितही केलं नव्हतं. बराच वेळ ओट्यावर बसली. “मी जिंकले असं मला वाटतच नाही,” म्हणाली.

संस्थेच्या इतर शाळांत लिपिकाची जागा रिक्त नव्हती. जुलैत जिल्ह्याच्या समायोजनात त्याला चाळीसेक किलोमीटरवरची एक शाळा मिळाली. तिथं तो आदेश घेऊन गेला तर त्या संस्थेनं रुजूच करून घेतलं नाही. “आमची जागा आम्ही भरणार आहोत,” असं तोंडी उत्तर. हे इतक्या ठिकाणी होतं की मी त्याला आधीच सांगून ठेवलं होतं : परत फिरायच्या आधी हजर झाल्याचा अर्ज तिथं द्यायचा. घेतला नाही तर त्याच गावच्या पोस्टातून त्याच दिवशी रजिस्टर करायचा आणि मूळ शाळेत येऊन मस्टरवर सही करायची. त्यानं तसंच केलं. चार वेळा गेला, चारही वेळा पोस्टाची पावती आणली. शिक्षणाधिकाऱ्यांचं दुसरं पत्र, त्यात पद आणि अनुदानाबद्दलची ताकीद, गेल्यावर सप्टेंबरच्या सुरुवातीला त्याला रुजू करून घेतलं. या दोन महिन्यांत मूळ शाळेतून त्याचा पगार निघत राहिला. मुख्याध्यापकांना तो अडवायचा होता. पगारबिल करणाऱ्या बाईनं नियम २६ची झेरॉक्स बिलाला टाचली आणि बिल पुढं गेलं.

कार्यमुक्तीच्या दिवशी त्यानं तिला चार्ज दिला. मी तिथं होतो. कपाटाच्या तीन किल्ल्या, दाखल्यांची वापरलेली आणि कोरी पुस्तकं, फीची पावतीपुस्तकं नंबरासह, कॅशबुक, १९६४पासूनची जनरल रजिस्टरं. सगळं मोजून, बोलून, लिहून दिलं. शेवटी त्यानं ड्रॉवरमधून आधारची ती फुलस्केपची यादी काढली. राहिलेल्या नावांतली सहा त्यानं उन्हाळ्याच्या सुट्टीत जुळवून घेतली होती, हे तिला माहीत नव्हतं. चार्जयादीत त्यानं त्या फुलस्केपलाही नंबर दिला.

आता त्या ऑफिसात ती एकटी आहे. दोन माणसांचं काम, एक खुर्ची रिकामी. घरी जायला तिला साडेसहा होतात, आणि मुलीची शिकवणी सुटायची वेळ पाचची आहे.

त्याचं मूळ सेवापुस्तक नवीन शाळेकडं पाठवायचं होतं. पोस्टानं पाठवा, असं मुख्याध्यापक म्हणाले. तिनं एक रजा टाकली, सेवापुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून एसटीनं स्वतः घेऊन गेली, तिथल्या लिपिकाकडून पानांची संख्या लिहून पोच घेतली आणि त्याच्या हातात दुय्यम प्रत दिली. स्वतःची प्रत तिनं त्याच आठवड्यात काढून घेतली होती.